पंखा की हॉर्न : नारपोलीमार्गे वडपे

फोनमधली बाई सांगत होती, माजिवड्याहून सरळ नाशिक हायवे धरा. मी तिचा आवाज बंद केला.

"हिला काय माहीत?" मी सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला म्हटलं. "काल्हेरवरून आतल्या रस्त्याने गेलो ना, तर माशीसुद्धा आडवी येणार नाही."

कशेळीचा पूल ओलांडून काल्हेरला आलो. माशी खरंच आडवी आली नाही. कंटेनर आले. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, आणि डाव्या हाताला गोदामाच्या फाटकातून उलटा येणारा एक कंटेनर. मधे आमची छोटी लाल गाडी, लग्नाच्या पंगतीत चुकून शिरलेल्या पोरासारखी. सुमनने फक्त फोनमधल्या बाईचा आवाज पुन्हा सुरू केला.

आम्ही ठाण्याहून वडप्याला निघालो होतो. सुमनचा धाकटा भाऊ दिनेश, त्याला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मुलगा झाला, आणि त्याचं बारसं होतं. आता बारशाला नवरा बायकोच्या मागे पिशवी घेऊन जातो, तसाच मी चाललो होतो. पण सुमनचं तसं नव्हतं. ती बाळाची आत्या. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्याने. ती पोचल्याशिवाय पाळणा हलणार नव्हता, आणि नाव काय ठेवायचं हे तिने दिनेशला सांगितलं नव्हतं, आईला सांगितलं नव्हतं, मलाही नाही. मी महिनाभर खोदून विचारत होतो. "तुमच्या पोटात राहत नाही," एवढंच उत्तर.

शिवाय एक स्पर्धक होती. दिनेशच्या बायकोची बहीण, बाळाची मावशी. डोंबिवलीहून ती सकाळीच वडप्याला येऊन बसली होती आणि बाळाला 'कियान' म्हणून हाक मारायला तिने सुरुवातही केली होती. "आत्याला उशीर झाला तर मी आहे ना," असं ती म्हणाल्याची बातमी आम्ही कशेळीचा पूल ओलांडायच्या आत सुमनच्या फोनवर पोचली होती.

तर काल्हेर. एकेकाळी इथे मिठागरं आणि भातखाचरं होती म्हणे. आता पत्र्यांची गोदामं, त्यांच्यामागे नवे टॉवर, आणि टॉवरच्या गॅलरीत वाळणारे कपडे. या कपड्यांचं मी बारकाईने निरीक्षण करू शकलो, कारण गाडी एका जागी उभी होती. एका गॅलरीतला पिवळा टॉवेल तर पाठ झाला. त्याच सुमारास गाडीतल्या एसीतून कोमट हवा यायला लागली, आणि माझं लक्ष समोरच्या काट्याकडे गेलं. इंजिनाचं तापमान दाखवणारा काटा. एरवी तो मध्यावर पेन्शनरासारखा पडून असतो. आज तो लाल रेघेकडे निघाला होता.

"अहो, तो काटा..."

"बघितला."

ट्रॅफिक जरा हलला की काटा खाली यायचा, थांबला की पुन्हा वर. याचा अर्थ मला कळत होता. गाडी धावते तेव्हा समोरून वारा लागतो आणि इंजिन गार राहतं. गाडी उभी असते तेव्हा पुढे बसवलेला विजेचा पंखा ते काम करतो. तो पंखा आमचा फिरतच नव्हता. अशा वेळी करायची एक युक्ती मी कुठेतरी ऐकली होती. गाडीतला हीटर पूर्ण सोडायचा, म्हणजे इंजिनाची उष्णता आत येते आणि इंजिन थोडं गार होतं. ऐन वैशाखात, डोक्यावर ऊन, बायको जरीच्या साडीत, केसांत गजरा, आणि मी हीटर लावला.

सुमनने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेला हीटर लागत नाही.

"इंजिन वाचतंय," मी म्हणालो.

"आणि मी?"

असे भाजत भाजत अंजूरफाटा मागे टाकून आम्ही नारपोलीत शिरलो. इथे एरवी पॉवरलूमची खटखट इतकी असते, की माणसं आपोआप मोठ्याने बोलतात. त्या दिवशी सगळं शांत. दारं बंद, शटर खाली. मग डोक्यात प्रकाश पडला: शुक्रवार. भिवंडीत लूमची सुट्टी शुक्रवारी. सुट्टीच्या दिवशी गाडीचा इलेक्ट्रिशियन शोधायला मी ठाण्याहून आलो होतो. बोनेटखालून वाफ दिसली तेव्हा मी गाडी एका बंद दुकानापुढे लावली. पाटीवर लिहिलं होतं, 'मोटर वाइंडिंग' (जळलेल्या मोटरीत नवी तार भरून देणे). दुकानाच्या पायरीवर पन्नाशीचे एक गृहस्थ बसले होते. पांढराशुभ्र कडक कुर्ता, डोक्यावर जाळीची टोपी, अत्तराचा वास.

मी बोनेट उघडून रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, एवढ्यात ते ओरडले, "ओ भाईसाब! हात मत लगाना! तोंड भाजेल सगळं!"

मी हात मागे घेतला. त्यांचं नाव अन्वरभाई. दुकान त्यांचंच.

"काय झालं?"

"पंखा फिरत नाही."

"मोटर गेली," ते बसल्या जागेवरून म्हणाले. "खतम. भिवंडीतली अर्धी मोटर आपल्या हातातून गेली आहे. मी आवाजावरून सांगतो."

"पण तिचा आवाजच येत नाहीये."

"मग? त्याच्यावरूनच सांगतो ना."

मी त्यांना जरा बघता का म्हणून विनवलं. त्यांनी कुर्त्याकडे बोट दाखवलं. "नहाया हूँ. जुम्म्याची नमाज आहे. आज ग्रीसला हात नाही लावणार. तुम्ही करा, मी सांगतो."

अशा रीतीने माझी तपासणी सुरू झाली. गाडीची नंतर.

पहिल्यांदा फ्यूज. अन्वरभाई दोन पावलांवरून मान पुढे काढून सांगणार, कपडे मागे धरून; आणि मी फ्यूजच्या डबीत बोटं घालून भलताच काढणार. रेडिओचा काढला, पार्किंगच्या दिव्याचा काढला. शेवटी पंख्याचा सापडला. उजेडात धरून पाहिला, आतली तार शाबूत.

"फ्यूज ठीक," अन्वरभाई म्हणाले. "मी बोललो होतो, मोटर आहे."

मग त्यांनी दुकानाचं शटर हातभर वर करून मला आतून वायरीचे दोन तुकडे काढायला लावले. पंख्याच्या मोटरीचा जोड सोडवायचा आणि बॅटरीवरून थेट वीज द्यायची. मी दोन्ही टोकं टेकवली मात्र, पंखा असा काही भणाणला, की अन्वरभाईंची टोपी उडून गटाराच्या काठाला जाऊन थांबली.

टोपी झटकत ते परत आले. मला वाटलं आता माफी मागतील.

"बघितलं? मोटर शेर आहे," ते म्हणाले. "मी बोललो होतो, मोटरला काही नाही झालं."

तेवढ्यात सुमनचा फोन वाजला. तिने तो स्पीकरवर टाकला. दिनेश होता. "ताय, कुठं हाय तू? पोरगा झोपाय आला." मागून माझ्या सासूबाईंचा आवाज आला, "सुमे, ती पालन्याजवल सरकून बसलेय बघ. मी किती येल थोपवू तिला? लवकर ये गो!"

सुमनने फोन ठेवला आणि पहिल्यांदाच गाडीतून उतरून बोनेटजवळ आली. घामाने गजरा मानेला चिकटला होता. "मला रिक्षाने जाऊ द्या बारशाला," ती म्हणाली. पण रिक्षाही त्याच ट्रॅफिकमध्ये अडकल्या होत्या आणि शुक्रवारी त्या कमीच होत्या. ती ओठ चावत उभी राहिली. मघापर्यंत मला हे सगळं विनोदी वाटत होतं. तिचा चेहरा बघितला आणि वाटेनासं झालं.

मी मोटरीचा जोड परत लावला, इंजिन चालू करून एसी लावून पाहिला. एसी लावला की पंखा फिरायलाच हवा. नाही फिरला. म्हणजे मोटर चांगली, फ्यूज चांगला, पण वीज मधे कुठेतरी अडते आहे.

"डायरेक्ट वायर टाकून जाऊ?" मी विचारलं.

"ही वायर पातळ आहे. पेटली तर भाभी बारशाला, तुम्ही दवाखान्यात."

सुमन फ्यूजच्या डबीकडे टक लावून बघत होती. "ह्या दोन काळ्या डब्या काय आहेत? सारख्याच दिसतायत."

"रिले," अन्वरभाई म्हणाले. "खटका असतो आत. एक पंख्याची, एक हॉर्नची."

"मग त्याची ह्याला लावून बघा की."

"सुमन, असं कसं..." मी सुरुवात केली.

"ट्यूबलाईट लागली नाही की आपण दुसऱ्या खोलीतला स्टार्टर काढून लावत नाही? तसंच."

अन्वरभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी अन्वरभाईंकडे. एवढी मोटर-शास्त्राची चर्चा झाल्यावर ट्यूबलाईटच्या स्टार्टरवर यायचं दोघांनाही जड जात होतं. पण मी इंजिन बंद करून दोन्ही डब्या उपटल्या, अदलाबदल केली, आणि पुन्हा चावी फिरवली. 'टक्' असा आवाज आला आणि पंखा सुरू झाला. स्वतःच्या मर्जीने, कुणी न सांगता.

"रिले गेली होती," अन्वरभाई म्हणाले. "मी बोलणारच होतो."

मी आनंदाने हॉर्न दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. शांतता.

अर्थात. बिघडलेली डबी आता हॉर्नच्या घरात बसली होती. नवी मिळणार नव्हती, दुकानं बंद. अन्वरभाई मशिदीकडे जाता जाता मागे वळून म्हणाले, "भाईसाब, सोच लो. पंखा नाही तर गाडी बंद पडेल. हॉर्न नाही तर भिवंडी बंद पडेल!"

नारपोलीहून वडप्यापर्यंतचा रस्ता ज्यांनी पाहिला आहे, त्यांना मी काय सांगावं. ज्यांनी पाहिला नाही, त्यांनी असं समजावं: इथे हॉर्न ही तक्रार नसून ओळख आहे. वाजवला तर तुम्ही आहात, नाही वाजवला तर नाही. एक टेम्पो आमच्या अंगावर सरकत आला. मी बटण दाबत राहिलो. सुमनने काच खाली केली, कमरेपर्यंत बाहेर वाकली, आणि ओरडली,

"ए टेम्पोवाल्या! इकडे माणसं आहेत!"

टेम्पो थांबला. नुसता थांबला नाही, ड्रायव्हरने कानाची पाळी धरली.

त्यानंतर तिला सूर सापडला. "दादा, बाजूला व्हा! ओ काका, फोन नंतर! अरे बैल, उजवीकडे बघ!" (हा खरोखरचा बैल होता.) कंटेनरवाल्यांना हिंदी, रिक्षावाल्यांना मराठी, आणि वडप्याच्या अलीकडे रस्त्यात मोटारसायकल आडवी लावून गप्पा मारणाऱ्या दोघांना तिच्या माहेरची बोली: "सरकाल का न्हाय रं? भाच्याचं बारसं हाय माज्या!" ते इतके दचकले, की एकाने पुढे मोटारसायकल घालून आम्हाला वाट करून दिली. चोवीस वर्षांच्या संसारात हा आवाज माझ्यावर कधी पूर्ण क्षमतेने वापरला गेला नव्हता, हे त्या दिवशी कळलं, आणि मी मनातल्या मनात तिचे आभार मानले.

वडप्याला सासरच्या भातखाचरात आता दिनेशची तीन गोदामं आहेत. बारसं त्यातल्या रिकाम्या गोदामात. जिथे ट्रक लागतो त्या ओट्यावर सतरंज्या, वर लोखंडी तुळईला पाळणा टांगलेला, झेंडूच्या माळा, आणि पितळी परातीत घुगऱ्या (बारशाला वाटायचे उकडलेले हरभरे). पाळण्याची दोरी मावशीच्या हातात होती. सासूबाईंचा हात त्या दोरीवर, मावशीच्या हाताच्या वर. दोघी हसत होत्या, पण सोडत कुणीच नव्हतं.

सुमन घाम पुसत थेट पाळण्याकडे गेली. मावशीने दोरी सोडली. बायकांनी कुर्रर्र केलं, सुमनने वाकून बाळाच्या कानाशी ओठ नेले आणि नाव सांगितलं. पाठीवर चार बायकांच्या चापट्या पडल्या.

"काय ठेवलं नाव? मोठ्यानं सांग गो!"

सुमनने तोंड उघडलं. आवाज नव्हता. सगळा रस्त्यावर सांडून आला होता. कानात कुजबुजण्यापुरता उरला होता, तो संपला. तिने घसा खाकरला, पाणी प्यायली, नुसती हवा निघाली. मावशी चटकन म्हणाली, "मग तोवर कियान..."

सुमनने आईला जवळ ओढलं आणि तिच्या कानाशी लागली. सासूबाईंनी ऐकलं. चेहरा गोरामोरा झाला, मग लाल झाला, आणि त्यांनी पदर तोंडावर घेतला.

"आवो सांगा ना, काय नाव?" सगळ्या बायका.

"मी न्हाय घेनार ते नाव," सासूबाई म्हणाल्या. "जन्मात कधी घेतलं न्हाय. आता घेऊ काय, एवढ्या मानसांत?"

पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीला कळलं आणि ती टाळी वाजवून हसली. मग सगळ्यांनाच कळलं. आमचे सासरे जाऊन सहा-सात वर्षं झाली. दिनेश पाळण्यापाशी आला, बाळाला उचललं आणि म्हणाला, "भास्कर." सासूबाईंनी पदराआडून मान हलवली, आणि बाळाला घेताना त्याला म्हणाल्या, "आवो, या इकडं." मग सगळं गोदाम हसलं, डोळे पुसत. मावशीसुद्धा.

घुगऱ्या, तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं असं भरपेट जेवण झालं. संध्याकाळी निघताना सुमनने माझ्या हातातली चावी काढून घेतली. गाडी ती माझ्याहून बरी चालवते. आमच्या घरात हे मान्य आहे, फक्त बोललं जात नाही. तिचा घसा बसलेला, तेव्हा ओरडायचं काम माझ्याकडे आलं.

प्रवासाने माणूस समृद्ध होतो असं म्हणतात. मी काच खाली करून बसलो होतो. उन्हं उतरली होती, गोदामांचे पत्रे तांबूस झाले होते, इंजिनाचा काटा मध्यावर लोळत होता, आणि जुन्या माणसाचं नाव नव्या माणसाला मिळाल्यावर घरावरून जो हात फिरल्यासारखा वाटतो, तसं काहीतरी मला वाटत होतं. एवढ्यात समोर एक डंपर आडवा आला.

"अहो दादा," मी म्हटलं, "जरा... म्हणजे जमलं तर..."

डंपर हलला नाही. सुमनने गाडी थांबवली, माझ्याकडे वळली आणि उरल्यासुरल्या आवाजात म्हणाली,

"नवऱ्यासारखं काय पुटपुटताय? आत्यासारखं ओरडा!"