नवरदेवाची अँबॅसेडर

कुणाशीही बोलण्याआधी महेमूदभाई हात पुसत. हात स्वच्छ असले तरी. जन्मभर इंजिनात हात घालणाऱ्या माणसाची ती सवय होती. परतूरच्या अलीकडे आमचं गाव. लग्नाआधी नवरदेव मारुतीच्या दर्शनाला जातो, तो आमच्याकडे महेमूदभाईंच्या पांढऱ्या अँबॅसेडरमधून. देवळासमोर गाडी थांबली की ते स्वतः उतरून दार उघडत आणि बाजूला उभे राहत. तेवढ्यापुरते ते घरच्या वडीलधाऱ्यांसारखे दिसत.

पौषात लग्नं नसतात. गाडी पत्र्याखाली उभी असते. दर शुक्रवारी नमाज पढून आले की ते ती थोडा वेळ चालू ठेवीत. यंदा थंडी वाईट पडली, त्यांच्या छातीत कफ धरला आणि पौषभर ते बाजेवरच होते. गाडीला कुणाचा हात लागला नाही. आजारी पडण्याआधी मात्र त्यांनी भोकं पडलेला जुना सायलेन्सर काढून नवा बसवला होता. "नवरदेवाच्या मागं फटफट वाजलेली बरी दिसत न्हाई," म्हणाले होते.

माघातलं पहिलं लग्न रामरावांच्या नातवाचं, पप्पूचं. पप्पूच्या मित्रांनी छत उघडणारी नवी गाडी ठरवली होती. नवरदेवानं छतातून वर उभं राहायचं आणि त्याचा व्हिडिओ काढायचा. रामराव म्हणाले, "आमच्या घरचा नवरदेव महेमूदच्या गाडीत बसतो. मी हाय तवर तरी." पोरांनी माना डोलावल्या. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी महेमूदभाई मशिदीत गेल्यावर त्याच पोरांनी उसाचं एक कांडकं तासलं, त्या नव्या सायलेन्सरच्या नळीत ठोकलं आणि सळईनं आत सारलं. बाहेरून काही दिसत नव्हतं. जुना सायलेन्सर असता तर धूर भोकांतून निघाला असता आणि गाडी चालली असती.

सकाळी बॅटरी चार्ज होऊन आली. गाडीला हार बांधले होते, पप्पू फेटा बांधून उभा होता. महेमूदभाईंनी चोक ओढून चावी फिरवली. इंजिननं दोन श्वास घेतले आणि बंद पडलं.

"थंडी लागली तिला," ते म्हणाले. "मलाबी लागल्ती."

"चाचा, तिला हळद लावायची राह्यली, म्हणून रुसली," एक पोरगा म्हणाला. सगळे हसले. महेमूदभाईही हसले.

त्यांनी प्लग काढून पुसले, पेट्रोल येतं का पाहिलं, पुन्हा चावी फिरवली. पुन्हा तेच. दोष बॉनेटखालीच असणार, हा त्यांचा अनुभव. गाडीच्या मागं जाऊन पाहण्याचं त्यांच्या मनातही आलं नाही. बॅटरी बसली. मग धक्का. ज्यांनी ऊस ठोकला होता तीच पोरं मागं लागली आणि खांदे लावून, घाम गाळून त्यांनी गाडी चावडीपर्यंत ढकलत नेली आणि परत आणली.

"लई जड हाय चाचा, म्हातारी."

"जल्दी करा, मुहूर्त थांबत न्हाई."

शेवटी त्यांनी डिकीतून इंजिन हातानं फिरवायचं लोखंडी हँडल काढलं. हँडल मारताना अंगठा मुठीत घ्यायचा नाही, इंजिननं उलटा झटका दिला तर हात मोडतो, हे त्यांनी आमेरला, आपल्या मुलाला, किती वेळा सांगितलेलं मी ऐकलं होतं. आज सगळं गाव बघत होतं, फोन वर झाले होते. त्यांनी मूठ आवळली. हँडल उलटं फिरलं आणि मनगटाचा आवाज आम्हाला ऐकू आला.

ते खाली बसले. मनगट मांडीवर धरून म्हणाले, "रामराव, दुसरी गाडी बोलवा. पोराला उशीर नको."

दुसरी गाडी शाळेमागूनच आली. इतक्या लवकर कशी, हे कुणी विचारलं नाही. अँबॅसेडरचे हार सोडून तिला बांधले. महेमूदभाई उठले आणि डाव्या हातानं त्यांनी पप्पूसाठी तिचं दार उघडलं.

दुपारी ते परतूरला प्लास्टर घालायला गेले, तेव्हा पोरांनी पकडीनं कांडकं ओढून काढलं. त्याचाही व्हिडिओ केला. संध्याकाळपर्यंत तो सगळ्या गावानं पाहिला. रामरावांनीही पाहिला आणि फोन पालथा ठेवला. महेमूदभाईंकडे साधा फोन आहे.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा जालन्याहून आलेला आमेर गाडीत बसला होता आणि गाडी संथ चालू होती. बॅटरी चार्ज करून आणली, तर पहिल्या चावीला लागली म्हणे.

"ऐका गुरुजी," महेमूदभाई बाजेवरून म्हणाले. "वख्ताला न्हाई आली. आता गाऊन राह्यली."

मी त्यांना उसाचं सांगितलं. कुणी, कधी, सगळं. त्यांची बायको लालबी चहा घेऊन येत होती, ती दारातच थांबली.

"न्हाई," ते म्हणाले. "त्यांच्या बापांना मीच मारुतीला नेलं. ती पोरं असं करणार न्हाईत."

"व्हिडिओ आहे माझ्याकडं."

"नका दाखवू." त्यांनी डावा हात लुंगीला पुसला. "गाडी म्हातारी झाली, गुरुजी. तेवढंच राहू द्या."

आठवड्यात त्यांनी ती भंगारात दिली. न्यायला आलेल्या माणसानं टेम्पो आणला होता, पण गाडी चालते म्हटल्यावर तो ती चालवतच न्यायला तयार झाला. महेमूदभाई खिडकीशी वाकून त्याला चोक दाखवत होते: थंडीत अर्धाच ओढायचा, इंजिन गरम झालं की हळू सोडायचा, एकदम न्हाई. "बराबर, चाचा," तो म्हणत होता.