उखर्डूची तेरा मडकी

धरणगावच्या एका कापसाच्या जिनात उखर्डू झाडूवाला होता. आधीची तीन भावंडं गेली, म्हणून आईने याला जन्मताच उकिरड्यावर ठेवून परत उचलला, त्यावरून हे नाव. उभा जन्म त्याने जमिनीवरची धूळ झाडली आणि कबुतरांची शीट खरवडली. पण पाखरांना कधी साधी शिवी दिली नाही. बायको भागाबाईच्या वाट्याला मात्र रोज दोन-चार यायच्या, ते असो!

त्रेपन्न साली शीट पडलेल्या रुईच्या गठाणी मुंबईहून परत आल्या आणि मॅनेजर धनसिंग भडकला. "दसऱ्याला जिन सुरू होतं. त्याआधी छपरातलं एकूण एक कबूतर गेलं पाहिजे, नाहीतर विषाची ज्वारी टाकतो!"

उखर्डूने हात जोडले. "इख नका टाका, भाऊ. मी काढसू. एक बी मरनार नही."

झाला शब्द देऊन मोकळा! आधी त्याने तीन टोपल्या कबुतरं सरकीच्या ट्रकमधून यावलच्या जंगलात नेऊन सोडली. ट्रक परत यायच्या आत पाखरं आढ्यावर हजर. सारं जिन हसलं. खरं तर तेव्हाच त्याला उमगायला हवं होतं, पण नाही उमगलं बिचाऱ्याला.

दसरा चार दिवसांवर आला. पाखरं सकाळी चरायला गेली की झरोक्यांना जाळी ठोकायची, असं त्याने ठरवलं. पण आढ्यावर पिल्लं होती, त्यांचं काय? माणसाचा हात लागला की पाखरू पिल्लाला टाकतं, असं गावात सगळेच मानत. म्हणून तो आंघोळ करून आला, हातांना धुतलेलं धोतर गुंडाळलं आणि एकेक घरटं काड्यांसकट उतरवून मडक्यात ठेवलं. अशी तेरा मडकी फाटकाजवळच्या निंबाला बांधली. मग जाळी ठोकली. त्या दुपारी गडी दोन भाकरी जास्त जेवला.

कबुतरं परतली ती थेट जाळीवर. धडका देत राहिली, दिवस मावळेपर्यंत. चाळीस पावलांवर निंबात पिल्लं चिवचिवत होती, पण एकही पाखरू तिकडे फिरकलं नाही.

"त्या जागा वयखतस," भागाबाई म्हणाली. पाखरू घरट्याची जागा ओळखतं, पिल्लू नाही, हे तिला ठाऊक होतं. "निंबवर कोन देखी?"

उखर्डू धनसिंगकडे धावला. पिल्लं परत आढ्यावर ठेवतो, एक दिवस तरी जाळी काढा, म्हणून पाय धरले. "शब्द तूच दिला होतास ना?" एवढं बोलून धनसिंग पूजेच्या तयारीला लागला. मग उखर्डू ज्वारी चावून पिल्लांच्या चोचीत घालू लागला. चोची उघडेनात. तो झाडाखाली बसून लहान पोरासारखा रडला. तिसऱ्या दिवशी मडक्यांतून आवाज यायचा थांबला.

दसऱ्याला धनसिंगने सगळ्यांसमोर त्याच्या डोक्याला फेटा बांधला. "एक जीव न मारता जिन साफ केलं या माणसाने!"

"बठ्ठा पिल्ला मरनात, भाऊ," उखर्डू म्हणाला.

"अरे, पण जिनात तर नाही ना मेली?" धनसिंग हसला.

उखर्डूने फेटा काढून त्याच्या हातात दिला. "तुमनं इख बरं व्हतं, भाऊ. मना हाते मराले त्यास्ले तीन दिन लागनात."