नलूवहिनी आणि बिनक्लचची गाडी

एडवणला आमच्या शेजारच्या दुकानात फोन आहे. त्यावरच निरोप आला, नवापूरची नलूवहिनी सकाळी गेली. दुकानदाराच्या बायकोनं माझा हात धरला, आणि डोळ्यांत पाणी यायच्या आधी माझ्या मनात काय आलं, सांगू? आता दादाच्या गाडीचं तेल कोण बघणार... आणि लगेच पुढचं, मी! आलं मनात, काय करू? गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं म्हणतात. लिहिणारच आहे. पण ही बाई इतकी वर्षं माझ्या डोळ्यांत सलत होती, ते वगळलं तर हा लेख दुसऱ्याच कुणाच्या तरी वहिनीचा होईल.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ हरेश्वर. बाबांच्या होडीचं इंजिन उघडायचं तर त्याला शेजारी मीच लागायचे. माझे हात बारीक, कुठेही शिरायचे. "कुंदे, पाना दे," असं तो म्हणायच्या आत पाना त्याच्या हातात असायचा. पुढे तो बोईसरच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागला. तिथे यंत्रं बसवायला आलेला परदेशी साहेब परत गेला आणि त्याची भलीमोठी गाडी शेडमध्ये धूळ खात पडली, ती दादाने मागून घेतली. तिला क्लचच नव्हता! गिअर आपले आपण पडायचे. बोईसरच्या मेकॅनिकनं खाली वाकून पाहिलं, "ये अपने बस का नहीं, भाई," म्हणाला आणि हात पुसत निघून गेला. मग काय, नवापूरला आमच्या अंगणातच त्या गिअरबॉक्सची सर्व्हिस सुरू झाली. मासळी सुकवायच्या मांडवाजवळ फळ्यांवर गाडी चढवायची. खालच्या पत्र्याच्या तबकाचे बोल्ट आधी एका बाजूचे सैल करायचे, म्हणजे तबक कलतं आणि तांबडं तेल परातीत उतरतं. परात धरायची मी. तो माझा मान होता.

आणि मग दादाने लग्न केलं. मुलगी माकुणसारची, बागायती वाडीतली. ना होडी माहीत, ना इंजिन. मासळी साफ करताना नाक मुरडायची... त्याच नाकानं माझं वाटोळं केलं! लग्नानंतरच्या पहिल्याच सर्व्हिसला तबकाच्या कडेचं पॅकिंग फाटलं. दादा म्हणाला, हेच पुन्हा बसवू, मुशी माशाचं तेल चोळून. बाबा होडीच्या फळ्यांना मुशीचं तेल लावायचे, थेंबभर पाणी आत येत नसे, मग इथे थेंबभर तेल बाहेर कसं जाईल? मला तर एकदम पटलं. वहिनी ओट्यावरून म्हणाली, "अवो, तापल्यावर वास नाय का मारनार?" आम्ही भावंडं एकमेकांकडे बघून हसलो. वाडीतल्या बाईला मुशीचं काय कळणार?

बोईसरच्या बाजारात पोचेपर्यंत गाडी तापली, आणि असा वास सुटला की मांजरं गाडीखाली जमली. एक बोका तर बॉनेटवर चढून बसला. "हरेश्वर, म्हावरा कुठला हाय?" लोक विचारायला लागले. वर तेल गळायचं ते गळतच होतं. घरी आल्यावर वहिनीनं टोमणा मारला असता तर बरं, भांडता तरी आलं असतं. तिनं शिवणाची कात्री घेतली, दादाच्या पेटीतला कॉर्कचा ताव जमिनीवर पसरला, वर तबक उपडं ठेवून खडूनं कड आखली आणि ब्लाउज बेततात तसं नवं पॅकिंग बेतलं. गळती बंद. दादा तिच्याकडे बघतच राहिला. मी परात धरून उभी होते, माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

तेव्हापासून हाक बदलली. "नले, बघ गो." कारखान्यातल्या वाफांनी दादाचं नाक गेलेलं, त्याला वास येत नसे. इंजिन चालू ठेवून तो गिअरबॉक्सचं तेल मोजायची पट्टी काढायचा, वहिनी नाकाशी न्यायची. "पिकल्या पपईसारखा," म्हणजे तेल चांगलं. "करपल्या गुळासारखा," म्हणजे बदला. लग्न होऊन मी एडवणला आले, तरी माहेरी गेले की मुद्दाम अंगणात जायचे. एकदा पट्टी मीच आधी ओढली, म्हटलं, तेल चांगलं आहे. दादा म्हणाला, "थांब, नलूला बघू दे." सगळ्यांसमोर! मी न जेवता निघाले. वहिनी एसटीपर्यंत मागे आली, डबा माझ्या हातात कोंबला. "वन्सं, हाताला तेल लागलाय, धुवून जेवा." डब्यात माझ्या आवडीचं भरलं पापलेट होतं, आणि ते आईच्या हातच्यापेक्षा चांगलं झालं होतं. मेलीचा रागसुद्धा धड करता यायचा नाही.

दिवसकार्य आटोपल्यावर एका दुपारी दादाने गाडी सुरू केली. "कुंदे, बघ गो." या हाकेची किती वर्षं वाट बघितली होती मी! गाडीत चहाचा जुना डबा असतो. त्यात वहिनीनं तिच्या जुन्या सुती साड्यांचे चौकोन कापून ठेवलेत. धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड, त्याचा धागा पट्टीला चिकटत नाही. मी पट्टी पुसली, पुन्हा बुडवली, काढली, नाकाशी नेली.

"कसा हाय?"

"गोड."

"गोड म्हंजे कसा?"

मी पट्टी पुन्हा हुंगली, आणि तोंडातून निघालं, "वहिनी सांगायची तसा. पिकल्या पपईसारखा."

दादाने इंजिन बंद केलं आणि तो स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. ती गेल्यापासून पहिल्यांदा. मी खिडकीशी उभी होते, आणि खरं सांगते, मी तेव्हाही जळले. पण या वेळी दादावर. सगळे त्याला भेटायला येतात, त्याच्या पाठीवरून हात फिरवतात. माझं कोण गेलं, हे मला एकानंही विचारलं नाही.

निघताना डब्यातला एक चौकोन मी उचलला. निळ्या साडीचा, तांबड्या डागाचा. ती साडी नेसूनच वहिनी एसटीपर्यंत धावत आली होती. परवा दादाचा फोन आला, "कुंदे, एक फडका कमी दिसतो." मी म्हटलं, मला काय ठाऊक!

देणार नाही. त्याच्याकडे अख्खा डबा आहे.