माझ्या नावाचा केसपेपर

बायको जाऊन वर्ष होत आलं. लिवर गेलं तिचं. दारूनं गेली हे गावात कुणाला सांगितलं नाही, इथं सांगतो. वीस वर्षं राखीव पोलिसांच्या फौजेत होती, बायांच्या तुकडीत. मी चौथी नापास. गावी वैशाखऱ्याला शेत बघायचो, पोरींच्या वेण्या घालायचो. पेन्शनीत आली ती घोट घ्यायची सवय घेऊनच.

मुरबाडच्या दवाखान्यात एक मॅडम दारूवाल्यांशी बोलतात असं कळलं. गोळी नाय, सुई नाय. चार खेपा नुसतं बोलायचं, पेला कधी नि कशापायी भरतो ते बघायचं, ठरवून कमी करायचं. बायकोला कसंबसं जीपमध्ये बसवलं. म्हणाली, "परेडला नेताय काय मला?"

खिडकीवरच्या माणसानं मलाच विचारलं, "बाबा, किती वर्षं पिताय?" मागं रांगेत गावचे दोघं. जी बाई बंदूक घेऊन पहाऱ्याला उभी राहायची तिची मान खाली गेली. मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही. तरी म्हटलं, "लय वर्षं." केसपेपर माझ्या नावानं निघाला.

आत मॅडमनी विचारलं, "पहिला पेला भरायच्या आधी काय वाटतं, बाबा?"

मला काय ठाऊक? मागून हीच बोलली, "दिवेलागणीला त्यांना घर खायला उठतं. मनातलं कुणाला सांगायची सोय नाय. लोक हसतील."

मी वळून बघितलं. मला हे कधी बोलली नव्हती.

मॅडम म्हणाल्या, "मावशी, बाबांना बोलू द्या ना."

तेव्हा सांगायला पाहिजे होतं की पिणारी ही आहे, हिला विचारा. दार लोटलेलं होतं, गावचं कुणी ऐकत नव्हतं. तरी जीभ उचलली नाही. तिची लाज झाकली म्हणत आलो, पण लाज माझी होती.

पुन्हा ती आली नाही. "तुमची सुटली की सांगा हां," म्हणायची नि हसायची. मी एकटा जाऊन मॅडमचं ऐकून यायचो, घरी तिला सांगायचो. ती म्हणायची, "ते तुमाला सांगितलंय. मला नाय."

ती गेली, तिचे दिवस घातल्यावर मी मुरबाडला गेलो नि मॅडमना खरं सांगून टाकलं. त्यांनी माझा केसपेपर काढून पुढ्यात ठेवला. मग विचारलं, "बाबा, फौजेत काही झालं होतं का त्यांना?"

मला माहीत नाही. वीस वर्षं मी तिला सुट्टी कधी मिळतेय एवढंच विचारत होतो.