माणसांवर तापवलेली बासरी

सर्व लहानथोरांस, आणि विशेषकरून नव्या सुनांस, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की नाशिकच्या थंडीत बासरीचा सूर नीट लावायचा असेल तर निदान चार माणसे कोंडावी लागतात. त्यांतली एक मी होते.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा लग्न होऊन मी सातपूरला आले. मामंजी कारखान्यात लेथवर काम करून निवृत्त झालेले. घरी शिसवाच्या लाकडाच्या बासऱ्या करायचे. उन्हाळ्यात हा छंद मला फार गोड वाटला. पौष लागला आणि घराचा तुरुंग झाला. कोरड्या वाऱ्यानं लाकडाला चीर जाते, म्हणून खिडक्या बंद, फटींत चिंध्या. त्यात गार खोलीत बासरीचा सूर उतरतो. तो चढवायला भोक कानसून मोठं करावं, तर माणसांनी भरलेल्या मंडपात तीच बासरी पेटीच्या वर चढून बसते. आणि एकदा मोठं केलेलं भोक काही लहान होत नाही. म्हणजे खोली आधीच मंडपाइतकी उबदार हवी. शेगडी चालत नाही, तिची ऊब कोरडी. माणसाची ऊब ओलसर, हा मामंजींचा सिद्धान्त. आम्हाला भिंतीशी ओळीनं बसवून ते आतून कडी घालायचे. चहापुरता स्टोसुद्धा पेटवायचा नाही. आमचे हे पहिल्या पाळीला जायचे. ती पाळी त्यांनी मागून घेतली होती, असा माझा आजही संशय आहे.

त्या दिवशी माझ्या धाकट्या बहिणीचा साखरपुडा होता, संध्याकाळी, सटाण्याला. भाऊ मला न्यायला आला. नाशकातल्या द्वारका चौकातून दुपारची एसटी गाठायची; ती चुकली की साखरपुडा चुकला. मी जरीची साडी नेसून, पिशवी भरून तयार. पण मामंजींनाही त्याच संध्याकाळी भजनी मंडळाला बासरी द्यायची होती.

माझा भाऊ अंगापिंडानं भक्कम. तो दारात उभा राहिला, तसं मामंजींनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. चेहऱ्यावर असा आनंद, जणू सरपणाची गाडीच दारात आली.

"बरे वेळेवर आलात पाहुणे," ते म्हणाले. "बसा."

आणि कडी घातली. मला सोडवायला आलेला माणूस माझ्याच शेजारी कैदेत बसला.

पलीकडे शेजारच्या काकू विणकाम घेऊन, त्यांच्याजवळ सासूबाई तीळ निवडत. मामंजी फुंकायचे, डोळे मिटून ऐकायचे, दोनदा कानस फिरवायचे, पुन्हा फुंकायचे. जरीच्या साडीत मी घामाघूम झाले, आणि त्यामुळे ते माझ्यावर फारच खूश. भावानं एसटीचा विषय दोन-तीनदा काढून पाहिला. शेवटचाच सूर राहिलाय, असं दरवेळी उत्तर. भाऊ पाय मोकळा करायला उठू लागला, तर मामंजी मान वर न करता म्हणाले, "उठू नका. ऊब हलते."

मी सासूबाईंकडे पाहिलं. चारचौघांत त्यांनी नवऱ्याचा शब्द मोडल्याचं कुणी कधी ऐकलं नव्हतं. त्या तीळच निवडत राहिल्या.

सूर लागतच आला होता आणि काकूंना आठवलं की त्यांचं दूध चुलीवर आहे. कुणी काही बोलायच्या आत त्यांनी कडी काढली आणि पळाल्या. गार वाऱ्याचा लोट आत आला. मामंजींनी फुंकून पाहिलं. सूर उतरलेला. त्यांनी शांतपणे कानस खाली ठेवली, उठले, पुन्हा कडी घातली. आता पहिल्यापासून, म्हणाले, आणि माणूस एक कमी, म्हणजे वेळ जास्त लागणार. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भिंतीपलीकडच्या गोठ्यात गवळ्याची म्हैस हंबरली. सासूबाईंनी तिळाचं ताट खाली ठेवलं.

मला ती एसटी मिळाली. धावत मिळाली; भावाच्या हातात पिशवी, माझ्या हातात चपला. बासरीही संध्याकाळी मंडळाला पोचली. ती पुरी कशी झाली ते पाहायला मी नव्हते, पण पुढे कित्येक दिवस तो गवळी मामंजींना पाहिलं की हसायचा. कारण सासूबाई तेव्हा माझ्या भावासमोर, चांगल्या खणखणीत आवाजात बोलून गेल्या होत्या:

"सुनेला जाऊ द्या, आणि तिच्या जागी ती म्हैस आणून बांधा. ऊब जास्त देते, आणि तिला कुठं जायचंही नसतं."