रेकॉर्डिंग लावलं की गेम अडकायचा

पनवेलला स्टेशनजवळ इरफान आणि मी मिळून गेमिंग पार्लर चालवायचो, त्याला आता बरीच वर्षं झाली. सहा कॉम्प्युटर होते, ते केव्हाच भंगारात गेले. किस्से मात्र अजून माझ्याकडेच पडून आहेत. जुना मित्र भेटला की त्यात एखाद्याची भरच पडते. यातले बरेचसे एकाच कारणाने घडले. गेम खेळताना त्याचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करायचं खूळ तेव्हा नुकतंच आलं होतं, आणि आमच्या मशीनना ते झेपत नव्हतं.

*

करंजाचा नितेश वडिलांबरोबर बोटीवर जायचा. पावसाळ्यात मासेमारी बंद असली की आमच्याकडे यायचा. बंदुकीच्या गेममध्ये त्याला कुणी हरवू शकत नव्हतं, म्हणून काही पोरांनी आवई उठवली की हा चीटिंग करतो. नितेशला ते फार लागलं. "आमी चोर नाय. रेकॉर्ड करून दाखवा त्यांना," म्हणाला.

रेकॉर्डिंग लावलं आणि तो पहिल्याच राऊंडला मेला. दुसऱ्यालाही. प्रोसेसर एकच, गेमही त्यानेच चालवायचा आणि रेकॉर्डिंगही त्यानेच करायचं. सेकंदाला साठ फ्रेम यायच्या, तिथे वीसही येईनात. समोरचा दिसेपर्यंत नितेशला गोळी लागलेली असायची.

त्याने माऊस बाजूला ठेवला. "आमी खेळतो तवा बरा चालतो. तुमी बघाया लागलं का अडकतो."

तो बोलला मशीनबद्दल. मला ते पुढे माणसांच्या बाबतीतही पुष्कळदा आठवलं.

*

मग इरफानने घरचा डिजिटल कॅमेरा आणला आणि पुस्तकांच्या चळतीवर स्क्रीनसमोर ठेवला. आता मशीनवर काही बोजाच नव्हता. नितेश सलग जिंकला. त्या पोरांना बोलावून व्हिडिओ दाखवला, तर एक जण म्हणाला, "खेळणारा नितेशच कशावरून?"

व्हिडिओत खाली माऊसवरचा हात दिसत होता. अंगठ्यापासून मनगटापर्यंत जाळ्याच्या दोरीने कापल्याचा व्रण. नितेशने आपला हात नेऊन स्क्रीनशेजारी धरला.

टीम पाडताना सगळे त्याला पहिला मागून घ्यायला लागले, ते त्या दिवसापासून.

*

रोडपालीची केतकी कॉलेजात होती. कार रेसिंगमध्ये वळण कसं घ्यायचं, हे ती बोलून समजवायची आणि व्हिडिओ नेटवर टाकायची. रेकॉर्डिंगमध्ये गेम अडकायला लागला, तेव्हा तिने एकेक सेटिंग उतरवलं. आधी सावल्या बंद केल्या, मग झाडं, शेवटी चित्राचं रेझोल्यूशन अगदी तळाला नेलं. गेम सुरळीत चालला. मोठ्या हौसेने तिने आईला व्हिडिओ दाखवला.

आईने शेवटपर्यंत पाहिला. "आवाज किती छान आलाय गं. गाडी कुठाय पण?"

*

इरफान स्वतः एका गेमच्या मागे अकरा दिवस होता. शेवटची लेव्हल रेकॉर्ड करायचीच, म्हणून बसला. त्या वेळच्या फाइल अवाढव्य व्हायच्या. इकडे तो जिंकला आणि तिकडे हार्ड डिस्क भरली. व्हिडिओ मिळाला, पण गेम सेव्ह व्हायला जागाच उरली नाही. पुन्हा चालू केला, तर शेवटची लेव्हल जशीच्या तशी बाकी.

दोन दिवस तो तोच व्हिडिओ बघत बसला. मग मला म्हणाला, "पुरावा आहे, संदीप. जिंकलो मात्र नाही."

*

इरफानचे अब्बा कुवेतला होते. दोन वर्षांतून एकदा यायचे. पोरगा दिवसभर करतो काय, हे त्यांना दाखवावं म्हणून इरफानने एक मॅच रेकॉर्ड केली आणि तिकडे निघालेल्या शेजाऱ्याबरोबर सीडी पाठवली. त्या रेकॉर्डिंगला माइक चालू होता. गेम जागोजागी अडकत होता आणि वरून इरफानची अखंड बडबड. कुणाला शिव्या, कुणाला शाबासकी, मध्येच फोनवर अम्मीला "आलो, आलो, जेवण वाढ."

पाठवून झाल्यावर त्याला लाज वाटली. मला म्हणाला, "अब्बा काय म्हणतील? काहीतरी कर यार." मी मशीनवरचा भार कमी करायला बसलो. मागे चालणारे प्रोग्रॅम बंद केले, आवाजाचं रेकॉर्डिंग काढून टाकलं. या वेळी चित्र पाण्यासारखं वाहिलं, एकदाही अडकलं नाही. ती सीडीही गेली.

तीन आठवड्यांनी पार्लरमध्येच फोन आला. इरफानने स्पीकर लावला.

"दुसरी सीडी मिळाली?" त्याने विचारलं. "बघितलीत? किती साफ आलीय ना?"

"बघितली बेटा," अब्बा म्हणाले. "पण रोज जेवताना मी पहिलीच लावतो."