हात नव्हे, गाडीच जड होती

जोतिबा आमचं कुलदैवत. त्याच्यावरचा माझा विश्वास ज्या वर्षी डळमळला, त्या वर्षी मी दुधाची पिकअप चालवत होते. नव्वदच्या दशकाचा शेवट असेल. आमच्या मालकांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, पाठीचा मणका सरकला, डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायला बंदी केली, आणि गारगोटीच्या आसपासच्या गावांतून दूध गोळा करून केंद्रावर पोचवायचं काम माझ्याकडे आलं. मी रीतसर शिकले, लायसन्स काढलं. पहिलं वर्ष बिनघोर गेलं. मग स्टेअरिंग हळूहळू जड व्हायला लागलं.

पुढचं आठवलं की आजही माझं डोकं तापतं. गॅरेजात गेले तर मिस्त्रीनं गाडीभोवती एक चक्कर मारली, चाकांत हवा भरली, पुढच्या जोडांवर वरवर ग्रीस फासलं आणि म्हणाला, "गाडी ठणठणीत हाय, वैनी. बाईमाणसाच्या मनगटाला एवढी गाडी झेपायची न्हाय." तिथं उभे असलेले चौघे हसले. महिन्यानं पुन्हा गेले, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्या खेपेला तर तो खुर्चीवरून उठलाही नाही. घरी सांगितलं तर दीर म्हणाले, "मिस्त्री काय खोटं सांगतोय व्हय?" मालकांनी भिंतीकडं कूस वळवली, आणि ते मला जास्त लागलं. सगळे एकच सांगत असले की माणूस स्वतःवरच संशय घेतो. मीही घेतला. दंडांना तेल चोळायचे आणि रोज देव्हाऱ्यापुढं बसून म्हणायचे, "बाबा, माझ्या हातांत बळ दे."

एका सकाळी शाळेजवळच्या वळणावर चाक वळेचना. सीटवरून अर्धी उठून मी सगळं अंग स्टेअरिंगवर टाकलं. गाडी वळली, पण समोरून सायकलवर येणारी एक मुलगी मला चुकवताना चरीत पडली. गुडघा फुटला, त्यावरच निभावलं. "मावशी, मला कायबी झालं न्हाय," असं तीच मला समजावत होती आणि मी रस्त्याच्या कडेला बसून तिच्या गुडघ्यावर पदर दाबून धरला होता. घरी दिरांनी निकाल दिला. उद्याची फेरी माझी शेवटची, परवापासून गाडीवर दुसरा माणूस.

त्या शेवटच्या फेरीवरून रिकामे कॅन घेऊन परतताना गारगोटीच्या अलीकडं जोतिबाच्या एका लहानशा देवळापाशी मी थांबले. नमस्कार केला नाही. गुलालानं माखलेल्या मूर्तीसमोर उभी राहून सरळ विचारलं, "इतके दिवस मागतेय, तुला ऐकू येत नाही का? त्या पोरीचं बरंवाईट झालं असतं तर?" देवाशी असं बोलू नये हे मला कळतं. पण त्या दिवशी माझ्यापाशी दुसरं काही नव्हतं.

बाहेर आले तर साठीच्या घरातले एक गृहस्थ गाडीच्या पुढच्या चाकापाशी उकिडवे बसलेले. पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. पुढच्या गावी लेकीकडं निघाले होते आणि बस चुकली होती. "ताई, तुमाला गाडी वळवताना बघितलं," ते म्हणाले. "लई जड जात्या. जॅक हाय का?" त्यांनी पुढची चाकं जमिनीवरून उचलली, स्टेअरिंग फिरवून पाहिलं आणि मान हलवली. "चाकं अधांतरी हायत, तरी फिरंना. तुमचा हात न्हाय, ताई. गाडीच जड हाय."

मी त्यांना ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग रडू आलं, आणि ते आनंदाचं नव्हतं, संतापाचं होतं. जे बळ मला लागतच नव्हतं ते मी महिनोन्‌महिने मागत बसले होते. का, तर चार लोक हसले म्हणून.

"देवानंच पाठवलं तुम्हाला," मी म्हणाले. ते हसले. "आमी बुद्धाची माणसं, ताई. देवळात येत न्हाय. तीस वर्षं वर्कशॉपात फिटर होतो, एवढंच." मी वाद घातला नाही.

गाडी पायी चालल्यासारखी हळू चालवत आम्ही त्याच गॅरेजात गेलो. गाडी पुन्हा जॅकवर चढली. त्यांनी मिस्त्रीला शांतपणे म्हटलं, "बसा की. तुमी फिरवून बघा." मिस्त्री बसला. त्याच्या दंडाच्या शिरा फुगल्या, आणि त्या दिवशी कुणी हसलं नाही. मग स्टेअरिंगला चाकांशी जोडणारा खालचा दांडा सोडवला. स्टेअरिंग एका बोटावर फिरलं, म्हणजे दोष वर नव्हता. चाक ज्या जाड पिनेवर वळतं ती, किंगपिन, कोरडी पडून जाम झाली होती. ग्रीस आत जायचं भोक वाळलेल्या चिखलानं गच्च भरलं होतं. इतके दिवस नुसतं वरून थापलं जात होतं, आत थेंबही नव्हता. मिस्त्रीनं खाली मान घालून तारेनं भोक साफ केलं, गंज सुटायला डिझेल सोडलं, दोन्ही बाजूंना ग्रीस भरलं. आधी गंजाचा काळा लगदा बाहेर आला, मग स्वच्छ ग्रीस.

"चूक झाली तर चूक म्हनायचं," ते त्याला म्हणाले. "बाईच्या मनगटावर घालायचं न्हाय."

"चुकलं, वैनी," मिस्त्री पुटपुटला. "असू दे" असं मी म्हणाले नाही. आजही म्हणणार नाही.

लेकीच्या गावापर्यंत मी त्यांना सोडायला निघाले. पहिल्या वळणावर मी सवयीनं दात-ओठ खाऊन स्टेअरिंग आवळलं. वळण संपलं तरी मी ते पकडूनच होते. ते शेजारून हळूच म्हणाले, "आता सोडा, ताई. वळण झालं की चाक आपसूक सरळ येतंय. तुमी त्याच्याशी भांडू नका."

बोटं लवकर सुटेनात. देव कुणाच्या हातानं येतो, हे ठरवणारी मी कोण, असं मनात आलं आणि मी हात सैल केले. स्टेअरिंग तळव्यांखालून सरकत गेलं आणि गाडी सरळ रस्त्याला लागली.